चिनी अक्षराचं मूळ घरबसल्या कसं शोधायचं, उदाहरणार्थ चहा

तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. चिनी लोक चहा कसा लिहितात माहितीये का, वर गवत, खाली झाड आणि मधे माणूस, म्हणजे निसर्गाच्या कुशीत बसलेला माणूस म्हणजेच चहा, आणि मग खाली सूर्योदयाचा फोटो आणि सुप्रभात. वाचायला छान वाटतं, आणि गंमत म्हणजे ही गोष्ट काही आपल्याकडच्या कोणी रचलेली नाही, चिनी लोक स्वतःच ती सांगतात, तिकडच्या चहाच्या दुकानांत भिंतीवर लावतात. पण ते अक्षर असं बनलेलं नाही. त्यात माणूसच नाहीये मुळात.

मग खरं काय ते कसं कळणार? त्यासाठी चिनी यायची गरज नाही, एक फोन, दोनतीन फुकट डिक्शनऱ्या आणि थोडा संशयी स्वभाव एवढं पुरतं. खाली चहाचंच अक्षर घेऊन सगळं करून दाखवतेय, तुमच्याकडे टी-शर्टवरचं, फेंगशुईच्या नाण्यावरचं, टॅटूसाठी निवडलेलं जे काही असेल त्याला हीच पद्धत लावा.

आधी अक्षर डोळ्यासमोर आणा. मी सगळं देवनागरीत लिहितेय म्हणून ते इथे दिसणार नाही, तर कंप्युटरवर वर्ड उघडा, इंग्रजी आकड्यांत ८३३६ टाइप करा आणि लगेच आल्ट धरून एक्स दाबा, आकडे जाऊन तिथे चहा उमटेल. हा त्या अक्षराचा युनिकोड नंबर. कंप्युटर नसेल तर फोनवर गूगल ट्रान्सलेटमधे चहा लिहा आणि समोर चायनीज निवडा, तेच येईल.

पण बऱ्याचदा उलटं असतं, अक्षर समोर आहे पण ते कुठलं ते माहीत नाही. छापील असेल तर गूगल लेन्स धरा, बहुतेक वेळा जमतं. ब्रशने झोकात लिहिलेलं असेल तर लेन्स गंडतो, अशा वेळी प्लेको नावाचं डिक्शनरीचं अ‍ॅप घ्या किंवा गूगल ट्रान्सलेटचा हाताने लिहायचा पर्याय घ्या आणि बोटाने अक्षर काढा. इथे लोक चित्र काढल्यासारखं काढतात आणि मग भलतंच अक्षर येतं म्हणून वैतागतात. रेघांचा क्रम थोडाफार पाळायचा, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि जिथे आडवी-उभी एकमेकींना छेदतात तिथे सहसा आडवी आधी. चहाचं बघा: सगळ्यात वर एक लांब आडवी रेघ, तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा, हे झालं गवत. त्याखाली घराच्या छपरासारख्या दोन तिरक्या, आधी डावीकडे उतरणारी मग उजवीकडे. छपराखाली एक आडवी, तिच्यातून एक उभी, आणि उभीच्या दोन्ही बाजूंना एक एक छोटा फटकारा. नऊ रेघा, झालं. काही फॉन्टमधे उभ्या रेघेला तळाशी हूक असतो, काहींत वरचं गवत मधोमध तुटलेलं असतं, त्याने घाबरू नका, अक्षर तेच आहे. छपराखालची ती आडवी रेघ मात्र एकच आहे हे नीट बघून ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच फिरणार आहे.

पाटी जुनी असेल तर आणखी एक भानगड असते, आडव्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. मुंबईत माझगावला सी यूप कून म्हणून चिनी देऊळ आहे, १९१९ चं, कधी गेलात तर तिथल्या अक्षरांवर सराव करता येईल. तिथे एक गोष्ट अजून लक्षात येते, की 'सी यूप' हा कँटोनीज उच्चार आहे, अर्थ चार परगणे, दक्षिण चीनमधला ग्वांगतोंग प्रांतातला एक भाग. तीच दोन अक्षरं मँडरिन, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेच्या, डिक्शनरीत शोधलीत तर उच्चार 'स्स-यी' असा काहीतरी दिसेल आणि तुम्हाला वाटेल आपण चुकीचं अक्षर शोधलं. नाही, अक्षर एकच, वाचणारा वेगळा.

अक्षर हातात आलं की लगेच मुळाकडे धावायचं नाही, आधी ते कुठल्या रूपातलं आहे ते बघायचं. चीन सरकारने १९५६ पासून कित्येक अक्षरं सोपी केली, रेघा कमी केल्या. तैवान आणि हाँगकाँगमधे जुनीच रूपं चालतात, जपानने आपली वेगळी काटछाट केली. सोप्या रूपाचं चित्र बघून मूळ शोधायला गेलात तर फसलात, कारण मूळ जिथे दिसतं तो भागच कापून टाकलेला असू शकतो. डिक्शनरीत प्रत्येक अक्षराशेजारी 'ट्रॅडिशनल' आणि 'सिम्प्लिफाइड' असं लिहिलेलं असतं, दोन वेगळी दिसत असतील तर डोळे मिटून ट्रॅडिशनल उचला. चहाला हा त्रास नाही, चीन, तैवान, जपान सगळीकडे एकच, म्हणून तर सुरुवातीला हे अक्षर बरं.

आता मुख्य काम, म्हणजे अक्षर फोडणं. इथेच सगळे फॉरवर्ड जन्माला येतात. आपल्याला शाळेत कुठेतरी ऐकवलेलं असतं की चिनी लिपी म्हणजे चित्रलिपी, त्यामुळे समोर दोन तुकडे दिसले की आपण दोन्हींचे अर्थ जोडून गोष्ट तयार करतो. पण खरी गोष्ट अशी की चिनी अक्षरांतली ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं एक तुकडा अर्थाचा आणि एक तुकडा आवाजाचा अशी बनलीयेत. अर्थाचा तुकडा फक्त खातं सांगतो, की बाबा हे पाण्यातलं आहे, हे झाडपाल्यातलं, हे बायकांसंबंधी. आवाजाचा तुकडा सांगतो की मला अमुकसारखं वाच, आणि त्याच्या स्वतःच्या अर्थाचा तिथे काही संबंध नसतो.

सगळ्यात सोपं उदाहरण आईचं. चिनीत आई म्हणजे मा, अक्षरात डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा. आता जोडा गोष्ट! घोड्यासारखी राबते ती आई, असं लिहिलेलंसुद्धा मी वाचलंय. पण घोड्याला चिनीत मा म्हणतात, फक्त सूर वेगळा. म्हणजे अक्षर एवढंच म्हणतंय, बायकांच्या खात्यातला, घोडा या शब्दासारखा वाचायचा शब्द. संपलं. कुठल्याही तुकड्याबद्दल कोणी तत्त्वज्ञान सांगायला लागलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, या तुकड्याचा उच्चार काय आणि पूर्ण अक्षराचा काय, जवळपास आहेत का? जवळ असतील तर तत्त्वज्ञान गेलं केराच्या टोपलीत.

उच्चार रोमन अक्षरांत लिहिलेले असतात, पिनयिन म्हणतात त्याला, आणि ते वाचताना आपण मराठी लोक एक चूक करतो, इंग्रजीसारखं वाचतो. खरं तर आपल्याला सोपं आहे, कारण चिनीतही त-थ, च-छ, प-फ असा फरक आहे आणि तो आपल्या कानाला लगेच कळतो. पिनयिनमधला टी म्हणजे थ, डी म्हणजे त. सीएच म्हणजे छ. म्हणून चिनी चहा हा 'चा' नसून 'छा' आहे, आवाज चढता, म्हणजे आपण 'काय?' विचारताना वर जातो तसा.

तर छा फोडू. प्लेकोत अक्षर टाकून त्याचे घटक बघा, किंवा विक्शनरी या फुकट ऑनलाइन डिक्शनरीवर जा. वर गवत, हे अर्थाचं खातं, झाडपाला. बरोबरच आहे. खाली छप्पर आणि त्याखाली झाडासारखं काहीतरी, छप्पर म्हणजे माणसाचं चिन्ह अगदी हुबेहूब, आणि खालचं झाडाचं. झाला ना फॉरवर्ड तयार? पण आता आवाजाचा प्रश्न विचारा. माणसाला म्हणतात रन, झाडाला मू. छा शी दोन्हींचा संबंध नाही. म्हणजे एक तर हे खरंच त्या थोड्या अक्षरांपैकी आहे जी अर्थ जोडून बनली, नाहीतर आवाजाचा तुकडा होता आणि तो मोडलाय. असं अडलं की विक्शनरीच्या पानावर 'ग्लिफ ओरिजिन' असं शीर्षक शोधायचं. तिथे लिहिलेलं सापडेल की छा हे अक्षर दुसऱ्या एका अक्षरातून एक रेघ काढून बनलंय.

ते दुसरं अक्षर म्हणजे थू. वर्डमधे ८३७ टाइप करून त्याला लागून इंग्रजी सी लिहा आणि पुन्हा आल्ट-एक्स. दोन्ही अक्षरं शेजारी ठेवा, फॉन्ट मोठा करा, चांगला सत्तर ऐंशीचा. छा मधे छपराखाली एक आडवी रेघ, थू मधे दोन. बस्स, एवढाच फरक. आणि दोन रेघा झाल्या की खालचा भाग माणूस-अधिक-झाड राहत नाही, ते एक अख्खं वेगळं अक्षर होतं, यू. म्हणजे थू = गवताचं खातं + यू चा आवाज. जुन्या रॅडिकलवाल्या डिक्शनरीतही हेच दिसतं (रॅडिकल म्हणजे ज्या खात्याच्या तुकड्याखाली अक्षर लावतात तो, आणि त्याखाली उरलेल्या रेघा मोजून क्रम लावतात), दोन्ही अक्षरं गवताखाली, १४० व्या रॅडिकलमधे, छा उरलेल्या सहा रेघांत आणि थू उरलेल्या सात रेघांत.

थू म्हणजे काय, तर कडू पालेभाजी. मराठी माणसाला हे लक्षात ठेवायला काहीही कष्ट नाहीत.

आता म्हणाल यू आणि थू आणि छा, हे कुठे जवळ आहेत? इथे आजच्या उच्चारावर थांबायचं नाही. अक्षरं बनली तेव्हाचे उच्चार वेगळे होते, आणि भाषाशास्त्रज्ञांनी जुन्या यमकांवरून, बोलींवरून ते परत मांडायचा प्रयत्न केलाय. विक्शनरीच्या पानावर उच्चाराची पेटी असते ती उघडली की खाली 'मिडल चायनीज' आणि 'ओल्ड चायनीज' दिसतात. ओल्ड चायनीजमधे यू चा उच्चार ला सारखा मांडतात, थू चा आणि छा चा पण ल असलेलाच, आ कारान्त. तीन भावंडं एका घरातली, मोठी होऊन तीन शहरांत गेली. ही पेटी वाचायला नको वाटत असेल तर दुसरी सोपी युक्ती, यू हा तुकडा आणखी कुठल्या कुठल्या अक्षरांत येतो ते बघायचं. रस्ता या अर्थाचं एक थू, माखणे या अर्थाचं दुसरं थू, काढून टाकणे म्हणजे छू, सावकाश म्हणजे श्यू, उरणे म्हणजे यू. अर्थांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आवाज मात्र थू, छू, यू यातच घुटमळतोय. तुकडा आवाजाचा आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नको. आणि रस्त्याचं थू नि काढण्याचं छू शेजारी दिसले की थू मधून छा कसा निघाला याचंही आश्चर्य वाटेनासं होतं.

(यू चं मूळ चित्र कशाचं यावर वाद आहेत, बरेच जण खांबावर उभी झोपडी म्हणतात. आपल्याला इथे त्याचं काही नाही, आवाजासाठी उसना घेतलेला तुकडा आहे, त्याच्या घरची चौकशी कशाला.)

यानंतर जुनी रूपं बघायची. चिनी अक्षराचा आतापर्यंत मिळालेला सगळ्यात जुना मोठा साठा म्हणजे शांग काळातली भविष्य बघायची हाडं आणि कासवाची कवचं, इसवी सनापूर्वी १२५० च्या आसपासपासूनची. मग ब्राँझच्या भांड्यांवरचे लेख, मग छिन सम्राटाच्या काळातली सील लिपी, म्हणजे आज शिक्क्यांवर दिसते ती, मग हान काळातली कारकुनी लिपी, आणि मग आज दिसते ती. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीचा एक फुकट अक्षरकोश आहे ऑनलाइन, आणि रिचर्ड सिअर्स नावाच्या अमेरिकन माणसाने वर्षानुवर्षं खपून केलेली 'हान्झी युआन' साइट आहे, हान्झी म्हणजे चिनी अक्षरं, चीनमधे लोक त्याला हान्झीकाका म्हणतात. अक्षर टाकलं की ही सगळी रूपं ओळीने दिसतात.

जुनी रूपं बघण्याचा फायदा किती असतो ते बघायचं असेल तर 'वेइ', म्हणजे करणे, हे अक्षर घ्या, ट्रॅडिशनलवालं. चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश शू शन नावाच्या पंडिताने इसवी सन १०० मधे लिहून पूर्ण केला, शुओवन असं त्याचं थोडक्यात नाव, ९३५३ अक्षरं, ५४० गट, आणि आजही प्रत्येक जण आधी तोच उघडतो. त्यात वेइचा अर्थ दिलाय माकड. आता शू शन हुशार माणूस होता, पण त्याच्यासमोर होती सील लिपी, हाडांवरचे लेख जमिनीखाली होते. ते ओळखले गेले १८९९ मधे, बेइजिंगमधल्या वांग यीरोंग या विद्वानाने, आणि तोपर्यंत ती हाडं ड्रॅगनची हाडं म्हणून औषधवाल्यांकडे कुटून विकली जात होती. त्या हाडांवरचं वेइ बघा: एक सोंड, पाठ, शेपूट, सरळ सरळ हत्ती, उभा केलेला, आणि सोंडेपाशी माणसाचा हात. हत्तीला कामाला लावणारा माणूस, म्हणजे करणे. त्या काळी हनान प्रांतात हत्ती होते. आजच्या सिम्प्लिफाइड वेइमधे चार रेघा उरल्यात, त्यात हत्ती शोधून दाखवा. म्हणून शुओवनचं म्हणणं वाचा जरूर, पण ते १९०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं मत आहे हे ध्यानात ठेवून.

परत चहाकडे. छा ची जुनी रूपं शोधलीत की कळतं, हाडांवर नाही, ब्राँझवर नाही, शुओवनमधे सुद्धा नाही. शुओवनमधे थू आहे: कडू थू, गवत अर्थाला, यू आवाजाला. आणि ९८६ मधे शू श्युआन या संपादकाने त्या कोशाची नीट आवृत्ती काढली त्यात या नोंदीखाली लिहून ठेवलंय की हेच आजचं छा. एवढं स्पष्ट सर्टिफिकेट फार कमी अक्षरांना मिळतं. तेव्हा चहाच्या अक्षराचं तीन हजार वर्षांपूर्वीचं चित्र म्हणून कोणी गवतात बसलेला माणूस दाखवला तर ते हल्लीच्या एखाद्या कलाकाराने जुन्या स्टाइलमधे काढलेलं आहे, पोस्टर म्हणून लावा हवं तर. शिक्के कोरणारे जाणकार लोकही सील लिपीत चहा लिहायचा असेल तर थू चंच रूप वापरतात.

मग रेघ गेली कधी? इथे मला सगळ्यात आवडतो तो माणूस, गू यानवू, सतराव्या शतकातला. हा पठ्ठ्या घरात बसून अंदाज बांधत बसला नाही, थायशान पर्वतावर जाऊन थांग काळातल्या शिळा वाचत हिंडला. ७७९ च्या शिळेवर त्याला दोन रेघांचं थू दिसलं, औषधाशी जोडून. ७९८ च्या शिळेवरही थूच, मेजवानीशी जोडून, म्हणजे चहापार्टी. मग त्याने ८४१ ची आणि ८५५ ची शिळा बघितली, दोन्हीकडे एक रेघ कमी. म्हणजे कोरलेल्या दगडांवर तरी बदल नवव्या शतकात येऊन बसला असं त्याने मांडलं. पुस्तकांत त्याआधीच सुरू झाला असणार, कारण आठव्या शतकातला लू यू, चहावर पहिलं पुस्तक लिहिणारा, तो सांगतो की हे अक्षर कोणी गवताचं लिहितात, कोणी झाडाचं, कोणी दोन्हींचं, आणि गवतवालं छा हे ७३५ च्या एका सरकारी शब्दकोशात आहे. लोकं तेव्हा गोंधळलेलीच होती. कारणही समजण्यासारखं आहे, कडू भाजीला थू, चहालाही थू, चहा घरोघरी प्यायला लागल्यावर वेगळं अक्षर हवंच होतं.

ती ८५५ ची शिळा आपल्यासाठी तर आणखीच भारी आहे. ती एका बौद्ध भिक्षूच्या स्मरणार्थ आहे, शिआनजवळच्या त्साओथांग मंदिरात, जिथे कुमारजीवाने संस्कृत ग्रंथांची भाषांतरं केली तेच मंदिर. आणि त्यावरचं एक रेघ कमी असलेलं अक्षर चहा या अर्थाचं नाहीच! तिथे ते दहनसंस्काराच्या शब्दात आलंय, जो पालीतल्या 'झापेति' म्हणजे जाळणे याच्याशी जोडतात. आवाज लिहायला चिन्यांनी थू उचललं आणि कोरणाऱ्याने त्याचीही रेघ उडवली. म्हणजे चहाच्या अक्षराचा एक मोठा पुरावा भारतीय शब्दाच्या पोटात सापडतो. अशी बौद्ध धर्मातून गेलेली अक्षरं अजून आहेत. राक्षस या अर्थाचं मो घ्या, खाली भूत आणि वर ताग. तागातलं भूत वगैरे काही नाही, ताग म्हणजे मा, आणि तो आवाज आहे बुद्धाला त्रास देणाऱ्या माराचा. आवाजाचा प्रश्न इथेही कामाला आला बघा.

शेवटचा तपास, सगळ्यात दुर्लक्षित, तो म्हणजे जुन्यात जुन्या मजकुरात अक्षर कशासाठी वापरलंय. चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट नावाची साइट आहे, जुने ग्रंथ तिथे अक्षरागणिक शोधता येतात आणि काहींना इंग्रजी भाषांतरही आहे. थू शोधा. चीनच्या सगळ्यात जुन्या गीतसंग्रहात, शिजिंगमधे, एक टाकलेली बायको म्हणते, कोण म्हणतं थू कडू असतं, मला तर ते गोड लागतंय, म्हणजे माझं दुःख त्याहून कडू. इथे थू भाजीच. त्याच संग्रहात दुसरीकडे मुली थू सारख्या दिसतायत, तिथे अर्थ लव्हाळ्याचे पांढरे तुरे. मग इसवी सनापूर्वी ५९ मधलं एक विनोदी करारपत्र आहे, सिच्वानमधल्या एका नोकराला कामांची मारुतीच्या शेपटासारखी यादी दिलेली, त्यात अमुक गावाहून थू विकत आण असं आहे, आणि लांबच्या गावाहून कोण भाजी आणायला पाठवेल, म्हणून अभ्यासक तिथे चहा वाचतात. एकाच अक्षरात भाजी, तुरे आणि चहा, अर्थ काय ते वाक्यच ठरवतं. एकटं अक्षर बघून 'याचा अर्थ हा' म्हणणाऱ्यांनी हे जरा बघावं.

अजून एक सूचना, विक्शनरीवर 'ग्लिफ ओरिजिन' आणि 'एटिमॉलॉजी' ही दोन वेगळी शीर्षकं असतात आणि लोक ती एक समजतात. पहिल्या शीर्षकाखाली अक्षर कसं बनलं ते असतं, दुसऱ्याखाली शब्द कुठून आला ते. शब्द अक्षराच्या आधीपासून तोंडात असतो. चहा हा शब्द नैऋत्येकडच्या डोंगरी भाषांतल्या 'पान' या अर्थाच्या ला वरून आला असं काही अभ्यासक मानतात, ते खरं असो नसो, त्याने अक्षरातल्या रेघांचा हिशोब बदलत नाही. आणि आपला चहा, हिंदीतली चाय, पोर्तुगीज लोकांचं शा हे छा च्या बाजूचं कुटुंब, तर इंग्रजी टी आणि डच थे हे फूजियान किनाऱ्यावरच्या ते उच्चाराचं. लिहायला अक्षर दोघांचं एकच.

आता आजचा अर्थ. डिक्शनरीतली पहिली ओळ वाचून बंद करू नका, खाली जोडशब्दांची यादी असते ती चाळा. चिनीत लाल छा म्हणजे आपण ज्याला ब्लॅक टी म्हणतो तो, आणि काळा छा म्हणजे वेगळाच, पूअरसारखा आंबवलेला. दुकानातून पाकीट आणणार असाल तर हे माहीत असलेलं बरं. जपानीत चहाचा रंग म्हणजे तपकिरी. आणि जपानमधे कोणी १०८ वर्षांचं झालं की त्या वाढदिवसाला चहाचं अक्षर जोडतात, कारण वरच्या गवतात दोन दहा दिसतात, ते वीस, आणि खालचा भाग फोडला की आठ, दहा, आठ म्हणजे अठ्ठ्याऐंशी, बेरीज १०८, आपल्या जपमाळेएवढी. ही फोड खेळ आहे, मूळ नाही, आणि जपानी लोकही ती खेळ म्हणूनच करतात. माणूस-गवत-झाड वाली गोष्ट पण त्याच खात्यात टाका, सांगायला हरकत काहीच नाही, फक्त 'मूळ' म्हणून सांगू नका.

टॅटू किंवा छपाईसाठी अक्षर हवं असेल तर इमेज सर्चमधून उचललेला फोटो आर्टिस्टला देऊ नका, बरेच फोटो उलटे असतात, आरशातल्यासारखे. अक्षर टेक्स्ट म्हणून कॉपी करा, तुम्ही स्वतः मोठ्या फॉन्टमधे काढून त्याचं पीडीएफ करा, फॉन्ट चायनीज असलेला घ्या नाहीतर अक्षराच्या जागी रिकामे चौकोन छापून येतील. मग स्टेन्सिल त्वचेवर लावल्यावर सुई लागायच्या आधी एकदा रेघा मोजा. छपराखाली आडवी एक असेल तर चहा, दोन असतील तर हातावर कडू भाजी.